गरमी मेंदूपर्यंत जाते तेव्हा: न्यूरोसिफिलिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा आजार झालेला माणूस गुप्तरोगाच्या दवाखान्याची पायरी बहुतेक वेळा चढलेलाच नसतो. तो जातो मेंदूविकारतज्ज्ञाकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कधी पोटदुखी घेऊन सर्जनकडे. मग रक्ताच्या रिपोर्टवर ‘व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह’ असे दोन शब्द येतात, म्हणजे सिफिलिसची प्राथमिक रक्ततपासणी पॉझिटिव्ह, आणि घरात कुणी कुणाकडे बघत नाही. त्यानंतर जे प्रश्न येतात, काही मोठ्याने आणि बरेचसे केबिनचं दार लोटून घेतल्यावर, ते इथे घेतले आहेत.

गरमी, उपदंश, फिरंग आणि सिफिलिस हे सगळं एकच का?

आजच्या बोलण्यात जवळपास एकच. ‘गरमी’ हा बोलीतला शब्द, ‘उपदंश’ पुस्तकातला. मात्र जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांतला उपदंश म्हणजे जननेंद्रियावरच्या अनेक प्रकारच्या व्रणांना दिलेलं एकत्र नाव होतं. त्याचा अर्थ दर वेळी सिफिलिस असा घेता येत नाही. सिफिलिसचं ओळखू येण्याजोगं वर्णन सोळाव्या शतकात भावमिश्रांच्या ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग रोग’ म्हणून येतं. नावातच पत्ता आहे: फिरंग्यांबरोबर, म्हणजे पोर्तुगीजांबरोबर, आलेला. युरोपात १४९५ च्या सुमारास नेपल्सच्या वेढ्यात साथ उसळली आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. भावमिश्रांनी उपद्रवांमध्ये नाक बसणं, हाडं झिजणं, वाकडी होणं, ताकद जाणं हे सगळं नोंदवलं आहे. मेंदूच्या आणि चेतातंतूंच्या आजारांचा सिफिलिसशी संबंध जोडायला जगाला पुढे तीनशेहून अधिक वर्षं लागली.

जंतूचं नाव ट्रेपोनेमा पॅलिडम. बुचाच्या स्क्रूसारखा पीळदार, अतिशय बारीक. बर्लिनमध्ये १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांनी तो पहिल्यांदा पाहिला.

लैंगिक आजाराचा जंतू मेंदूत पोहोचतो कसा? आणि ‘शेवटच्या टप्प्यात’ म्हणजे कधी?

या आजाराबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. लोकांना वाटतं, आधी चट्टा, मग अंगावर पुरळ, मग बरीच वर्षं काही नाही आणि अगदी शेवटी जंतू मेंदूत शिरतो. प्रत्यक्षात तो पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातून सगळीकडे फिरतो. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या, उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासलं तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांमध्ये जिवंत जंतू सापडले. त्यांतल्या बहुतेकांना डोकेदुखीसुद्धा नव्हती.

म्हणजे शिरकाव लवकर होतो. उशिरा होतं ते नुकसान. बहुतेकांचं शरीर मेंदूभोवतीच्या पाण्यातून जंतूंना हुसकावून लावतं. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या मेंदूच्या आवरणाला आणि रक्तवाहिन्यांना मंद सूज राहते आणि ती वर्षानुवर्षं धुमसते. हा जंतू मुळात आळशी आहे: अनेक जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, याला तीस तासांहून जास्त लागतात. त्याच्या अंगावर प्रतिकारशक्तीला ओळखता येतील अशा खुणाही फार थोड्या. त्यामुळे गाजावाजा न करता तो राहू शकतो.

उपचार न घेतलेल्या प्रत्येकाला हे होतं का?

नाही. याचं उत्तर एका विचित्र योगायोगाने मिळालं. १८९१ ते १९१० या काळात ऑस्लोचे सीझर बेक नावाचे प्राध्यापक आपल्या सिफिलिसच्या रुग्णांना पारा हे तेव्हाचं औषध द्यायला तयार नव्हते, कारण त्या औषधाने फायद्यापेक्षा अपाय जास्त होतो असं त्यांचं मत होतं. चट्टे बरे होईपर्यंत रुग्णाला इस्पितळात ठेवायचं आणि सोडायचं, एवढंच ते करत. या रुग्णांचा पुढे अनेक वर्षांनी माग काढला गेला आणि त्याचा सविस्तर हिशेब १९५५ मध्ये मांडला गेला. साधारण एक तृतीयांश लोकांना उशिराचे उपद्रव झाले. मेंदू आणि मज्जारज्जूचा सिफिलिस पुरुषांमध्ये ९ टक्क्यांच्या आसपास, स्त्रियांमध्ये ५ टक्के.

दुसरा अभ्यास मात्र लाजिरवाणा आहे. अमेरिकेत अलाबामामधल्या टस्कीगी इथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस असलेल्या सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं ‘पाहत’ ठेवलं. ‘तुमचं रक्त बिघडलंय’ एवढंच त्यांना सांगितलं होतं. मेंदूत आजार गेलाय का हे बघण्यासाठी त्यांच्या पाठीतून पाणी काढलं आणि ते ‘खास मोफत उपचार’ म्हणून खपवलं. पेनिसिलिन आल्यावरही ते त्यांच्यापर्यंत पोहोचू दिलं नाही. हे १९७२ मध्ये उघडकीला आलं तेव्हा थांबलं.

भावाला चाळिशीत लकवा मारला. बीपी नाही, शुगर नाही. डॉक्टरांनी व्हीडीआरएल का सांगितली?

कारण रक्तवाहिन्यांचा सिफिलिस हे तरुण माणसाच्या पक्षाघाताचं एक कारण आहे, आणि ते शोधायला फार स्वस्त तपासणी लागते. मेंदूच्या मधल्या आणि बारीक धमन्यांच्या भिंती सुजतात, आतली वाट अरुंद होत जाते आणि एके दिवशी बंद पडते. संसर्गानंतर साधारण पाच ते दहा वर्षांत हे घडतं, त्याआधीही घडू शकतं. नेहमीचा पक्षाघात अचानक येतो. इथे मात्र बऱ्याचदा आधी काही आठवडे डोकेदुखी, चक्कर, झोप न लागणं, चिडचिड असं चाललेलं असतं. घरच्यांना ते नंतर आठवतं.

त्याच्याही आधी, पहिल्या एक-दोन वर्षांत, मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. डोकं दुखणं, मान आखडणं, उलट्या, एखाद्या बाजूचा चेहरा वाकडा होणं. मेंदूज्वराच्या इतर कारणांसारखंच दिसतं, म्हणून शोधल्याशिवाय सापडत नाही.

बाबांचा स्वभाव पार बदललाय. आम्हाला वाटलं म्हातारपण. हे सिफिलिसमुळे असू शकतं?

असू शकतं, पण आधी एवढं सांगतो: विसराळूपणाच्या दहा रुग्णांमागे एकात हे कारण सापडेल असं समजू नका. अल्झायमर, रक्तवाहिन्यांचे आजार, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता ही कारणं कितीतरी जास्त दिसतात. तरीही अनेक ठिकाणी विसराळूपणाच्या तपासण्यांत व्हीडीआरएल घालतात, कारण थांबवता येणाऱ्या थोड्या कारणांपैकी हे एक आहे.

संसर्गानंतर दहा ते पंचवीस वर्षांनी मेंदूचा प्रत्यक्ष गाभाच झिजायला लागतो, विशेषतः पुढचा आणि कानशिलाकडचा भाग. सुरुवात फसवी असते. हिशेबात चोख असणारा माणूस उधळपट्टी करतो. कधी वावगा शब्द न काढणारा चारचौघांत अचकट-विचकट बोलतो. ‘आपल्या नावावर शंभर एकर आहे’, ‘मुख्यमंत्री मला विचारून ठरवतात’ अशा बढाया सुरू होतात आणि त्या त्याला खऱ्या वाटतात. काहींच्या बाबतीत उलट: माणूस गप्प, उदास. मग शब्द अडखळतात, जोडाक्षरं जमत नाहीत, जीभ आणि ओठ थरथरतात, अक्षर बिघडतं, फिट येते. उपचार न झाल्यास काही वर्षांत माणूस अंथरुणाला खिळतो.

पॅरिसमध्ये अँटवान बेल यांनी १८२२ मध्येच या वेडाचा मेंदूच्या आवरणाच्या सुजेशी संबंध दाखवला होता. पण जंतूचा पुरावा मिळाला १९१३ मध्ये, नोगुची आणि मूर यांनी अशा मृत रुग्णांच्या मेंदूत ट्रेपोनेमा दाखवला तेव्हा. ‘वेड’ म्हणून कोंडलेल्या माणसांच्या मोठ्या गटाला एका जंतूने ग्रासलं होतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मनाचे आजार आणि शरीराचे आजार अशी सरळ रेघ मारणाऱ्यांनी हा दाखला जवळ ठेवावा.

अल कपोन हा शिकागोचा कुप्रसिद्ध टोळीप्रमुख याच आजाराने खंगला. तुरुंगातच त्याचं निदान झालं. पुढे पेनिसिलिनही मिळालं, पण मेंदूची हानी होऊन गेली होती. १९४७ मध्ये तो वारला. त्याआधी त्याची समज बारा वर्षांच्या मुलाइतकी उरल्याचं डॉक्टरांचं मत होतं.

चालताना तोल जातो, पायात वीज चमकल्यासारखी कळ येते. हे सिफिलिसचं लक्षण आहे?

हे जुन्या डॉक्टरांच्या ओळखीचं चित्र आहे, हल्ली क्वचित दिसतं. नाव टेबीज डॉर्सालिस. संसर्गानंतर वीस-पंचवीस वर्षांनी मज्जारज्जूचा मागचा भाग आणि तिथे शिरणारी मुळं झिजतात. याच वाटेने पायाची खबर मेंदूला जाते: पाय कुठे आहे, जमीन मऊ आहे की टणक, गुडघा किती वाकलाय.

खबर बंद पडली की माणूस डोळ्यांनी चालतो. जमिनीकडे बघत, पाय उंच उचलून धपकन टाकत. उजेडात कसंबसं निभावतं. रात्री लाइट गेली की भिंत धरावी लागते. बेसिनसमोर डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की पुढे झोकांडी जाते. बऱ्याच रुग्णांना पहिली शंका तिथेच येते. डॉक्टर पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतात ती रोम्बर्ग यांची तपासणी याचीच. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही.

आणि त्या कळा. मांडीतून, पोटरीतून सुरीसारखी कळ जाते, क्षण-दोन क्षण टिकते, परत येते, कधी दिवसभर, मग आठवडे काही नाही. पोटात कळ उठली की जोडीला उलट्या. पूर्वी अशा रुग्णांची पोटं उगाच उघडली गेली आहेत. लघवी तुंबते आणि कळतही नाही. दुखणं जाणवत नसल्याने गुडघ्याचा सांधा आतून चुरत जातो, माणूस त्यावर चालत राहतो.

पण पायाला जमीन कळत नाही, चप्पल निघाल्याचं समजत नाही, असं असेल तर आपल्याकडे पहिला संशय मधुमेहाचा आणि दुसरा बी-१२ चा. तो आधी तपासा.

डोळ्यांत टॉर्च मारून डॉक्टर इतका वेळ काय बघत होते?

बुबुळामधली बाहुली. एडिनबराचे आर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६९ मध्ये एक विलक्षण गोष्ट नोंदवली: काही रुग्णांच्या बाहुल्या लहान आणि वेड्यावाकड्या असतात, उजेड टाकला तर आकसत नाहीत, पण जवळच्या बोटाकडे बघायला सांगितलं की व्यवस्थित आकसतात. मेंदूतल्या उजेडाच्या वाटेवर बिघाड, जवळ बघण्याची वाट शाबूत. ही खूण दिसली की सिफिलिसची तपासणी करायलाच हवी.

बाहुलीचं हे लक्षण उशिराचं. डोळा आणि कान यांच्यावर हल्ला मात्र कोणत्याही टप्प्यात होऊ शकतो, अगदी संसर्गानंतर काही महिन्यांतही. डोळा लाल होणं, नजर धूसर होणं, तरंगते ठिपके. एकाएकी ऐकू कमी येणं, कानात शिट्टी वाजणं, चक्कर. इथे दिवस मोजून चालत नाही. गेलेली नजर आणि गेलेला कान पुष्कळदा परत मिळत नाही.

व्हीडीआरएल पॉझिटिव्ह म्हणजे मेंदूत सिफिलिस आहे असंच ना?

नाही, दोन पायऱ्या बाकी आहेत. व्हीडीआरएल आणि आरपीआर या तपासण्या जंतूलाच ओळखत नाहीत; शरीरात होणाऱ्या नासधुशीविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांना ओळखतात. कुष्ठरोग, ल्युपस, मलेरिया, गरोदरपण, नुसतं वय यांतही त्या खोट्या पॉझिटिव्ह येतात, बहुधा १:२, १:४ अशा कमी प्रमाणात. म्हणून टीपीएचएसारखी जंतूची नेमकी तपासणी जोडीला करतात. ती एकदा पॉझिटिव्ह आली की बऱ्या झालेल्या माणसातही बहुधा जन्मभर तशीच राहते.

उलटी फसगत जास्त धोक्याची. जुन्या सिफिलिसमध्ये रक्तातली व्हीडीआरएल चारातल्या सुमारे एका रुग्णात निगेटिव्ह येते. लक्षणं जुळत असतील तर निगेटिव्ह व्हीडीआरएलवर विसंबून फाइल बंद करू नये, टीपीएचए मागून घ्यावी.

पाठीतलं पाणी काढायलाच हवं का? त्याने पाय जातात म्हणतात.

मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. सुई त्याच्या खाली, पाण्यात लोंबणाऱ्या मुळांच्या जागी घालतात, त्यामुळे पाय जाण्याची भीती निराधार आहे. नंतर एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं, बसल्यावर जास्त. त्यासाठी आडवं पडणं, पाणी आणि साधी गोळी बहुतेकांना पुरते.

पाण्यात पांढऱ्या पेशी आणि प्रथिनं वाढली आहेत का, व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आहे का, हे बघतात. पाण्यातली व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं. निगेटिव्ह आली तर मात्र सुटलो असं नाही. ती बऱ्याच खऱ्या रुग्णांत निगेटिव्हच येते. अशा वेळी पेशी, प्रथिनं, लक्षणं आणि रक्त मिळून डॉक्टर ठरवतात.

सिफिलिस निघालेल्या सगळ्यांचं पाणी काढत नाहीत. मेंदू किंवा नसांची लक्षणं असतील, किंवा उपचारानंतर रक्तातलं व्हीडीआरएलचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे उतरत नसेल तर काढतात. फक्त डोळ्याचं किंवा कानाचं दुखणं असेल आणि इतर काही लक्षण नसेल, तर पाण्याची वाट न बघता उपचार सुरू करता येतो.

उपचार काय? एका इंजेक्शनने भागत नाही का?

सुरुवातीच्या सिफिलिसला कमरेत दिलेलं बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं, २४ लाख युनिटचं. ते स्नायूतून हळूहळू झिरपतं. पण मेंदूभोवतीच्या पाण्यात त्याची पुरेशी पातळी जमत नाही, म्हणून मेंदूचा सिफिलिस असेल तर ते चालत नाही. तिथे शिरेतून साधं पेनिसिलिन द्यावं लागतं: दर चार तासांनी ३० ते ४० लाख युनिट, रात्रीचंही चुकवायचं नाही, असं १० ते १४ दिवस. रुग्ण वैतागतात आणि त्यांचा वैताग रास्त आहे. पण कारण समजलं तर सोसवतं. पेनिसिलिन जंतूला तो दुप्पट होण्याच्या तयारीत असतानाच मारतं आणि हा आळशी जंतू त्या तयारीला दिवसापेक्षा जास्त घेतो. मध्ये खंड पडला की तो निसटतो.

पहिल्या चोवीस तासांत ताप, थंडी, अंगदुखी येऊ शकते. ती औषधाची ॲलर्जी नाही. मोठ्या संख्येने मेलेल्या जंतूंमुळे येते आणि जाते.

ऐंशी वर्षं झाली, ट्रेपोनेमाने पेनिसिलिनला दाद देणं सोडल्याचं अजून दिसलेलं नाही. असं भाग्य फार थोड्या औषधांच्या वाट्याला आलं.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर? आणि गोळ्या किंवा जडीबुटी?

‘लहानपणी पुरळ आलं होतं’ एवढ्यावर ॲलर्जी ठरत नाही, तपासून घ्या. खरीच असेल तर इस्पितळात अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून काही तासांत शरीराला सवय लावता येते, किंवा सेफ्ट्रायक्झोन हे दुसरं प्रतिजैविक देतात. ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या गोळीला या जंतूने अनेक देशांत दाद देणं सोडलं आहे. मेंदूच्या सिफिलिसमध्ये नुसत्या गोळ्यांच्या भरवशावर राहू नये.

रसकापूर हा पाऱ्याचा क्षार जुन्या काळी फिरंगावर देत. त्या काळात युरोपातही पाराच सर्रास देत. आज तो घेणं म्हणजे सिफिलिसने ज्या नसा सोडल्या त्या पाऱ्याच्या हवाली करणं, वर मूत्रपिंडंही.

मलेरियाने सिफिलिस बरा करत, हे खरं का?

खरं आहे. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ वाग्नर-याउरेग यांनी १९१७ मध्ये मलेरिया झालेल्या सैनिकाचं रक्त मेंदूच्या सिफिलिसच्या रुग्णांना टोचलं. जोराचा ताप यायचा, काही फेऱ्या होऊ द्यायच्या, मग क्विनाइन देऊन मलेरिया उतरवायचा. पहिल्या नऊपैकी सहा जणांत चांगली सुधारणा दिसली. १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या तापाने काही रुग्ण दगावलेही. १९४३ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर महोनी यांनी सिफिलिसवर पेनिसिलिन वापरून दाखवल्यावर ही पद्धत मागे पडत गेली. पुढे कुणाच्या सांगण्यावरून मुद्दाम ताप आणू नका. हे लिहायची गरज नसावी, पण लिहून ठेवलेलं बरं.

उपचारानंतर गेलेलं परत येतं का?

सूज होती तेवढं परत येतं. मेलेलं परत येत नाही. आवरणाच्या सुजेतला रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. पक्षाघातात फिजिओथेरपीने बरंच जमतं. विसराळूपणात काहींचं सुधारतं, बऱ्याच जणांचं आहे तिथे थांबतं. टेबीजच्या कळा जंतू मेल्यावरही येत राहू शकतात. त्यांना नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी द्यावी लागतात. घरच्यांनी पंधरा दिवसांत चमत्काराची अपेक्षा धरू नये, आणि ‘आता काय उपयोग’ म्हणून उपचारही टाळू नये. थांबणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते, विशेषतः स्वतःच्या हाताने जेवता येतंय तोवर.

पुढे दर काही महिन्यांनी रक्तातलं व्हीडीआरएलचं प्रमाण बघतात. ते उतरत असेल, लक्षणं सुधारत असतील आणि प्रतिकारशक्ती ठीक असेल तर पाठीतलं पाणी पुन्हा काढायची गरज पडत नाही.

एचआयव्हीची तपासणी का सांगतात?

दोन्ही एकाच वाटेने येतात, म्हणून. शिवाय एचआयव्ही असताना, विशेषतः सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी ३५० च्या खाली असताना, सिफिलिस मेंदूत ठाण मांडण्याची शक्यता वाढते आणि वर्षांचं काम महिन्यांत होऊ शकतं.

मला आणि मुलांना लागण झाली असेल का? आता नवऱ्याशी कसं वागायचं?

वीस वर्षांपूर्वीचा आजार आज मेंदूत निघाला असेल तर आता त्यांच्यापासून लैंगिक संबंधांतून लागण होण्याचा धोका नसल्यात जमा आहे. ताट, पेला, टॉवेल, संडास यांतून तर तो कधीच नव्हता. शरीराबाहेर हा जंतू टिकत नाही. प्रश्न तेव्हाचा आहे. म्हणून तुमची एकदा रक्ततपासणी हवी, आणि तुमची पॉझिटिव्ह आली तर मुलांचीही, कारण आईकडून बाळाला गर्भातच लागण होऊ शकते. अशा मुलांत बहिरेपण किंवा नजरेचा त्रास कधी कधी शाळेच्या वयात दिसतो. गरोदरपणात रक्ताच्या यादीत व्हीडीआरएल असते ती यासाठीच.

कसं वागायचं, हे डॉक्टरने सांगायची गोष्ट नाही. पण रिपोर्टवरून तारीख काढता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. तो लग्नाआधीचा असू शकतो, आणि कुणाकडून कुणाला आला हेही त्या कागदावर लिहिलेलं नसतं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून खटला चालवू नका. ज्याच्यावर चालवताय त्याला कदाचित त्यातलं काही आठवतही नसेल.

जायचं कुठे?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने लैंगिक आजारांचा मोफत विभाग असतो. तिथे रक्ततपासणी आणि सुरुवातीच्या टप्प्याचं इंजेक्शन मिळतं. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येतं. मेंदूची, डोळ्यांची किंवा कानाची लक्षणं असतील तर थेट मोठं रुग्णालय गाठा, कारण भरती व्हावं लागेल. जाताना जुने रिपोर्ट न्या, गरोदरपणातलेसुद्धा. पूर्वी कधी ‘गरमीचं इंजेक्शन’ घेतलं असेल तर ते कोणत्या साली आणि किती वेळा, हे आठवून कागदावर लिहून न्या. रांगेत उभं राहून चारचौघांत सांगण्यापेक्षा चिठ्ठी पुढे करणं सोपं जातं.